कोरडी पाठ

वैशाख लागला की मी माणसांच्या पाठी बघायला लागते. कोलकात्यात, गार्डन रीचच्या बसथांब्यावर, ऑफिसच्या जिन्यात, मासळीबाजारात. शर्ट अंगाला चिकटलेला, खांद्यांच्या मधोमध घामाचा मोठा डाग, कॉलर भिजून काळपट झालेली असा माणूस दिसला की मनात म्हणते, चला, हा ठीक आहे. कोरडी पाठ दिसली की माझी पावलं थांबतात. एकदा तर गोदीच्या भिंतीला टेकून बसलेल्या एका हमालाला, ओळखदेख नसताना, मी विचारलं होतं, “दादा, पाणी प्यायलात?” माझ्याच डोक्याला ऊन लागलंय की काय, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मुलगी शाळेतून आली की दप्तर खाली ठेवायच्या आत मी तिच्या फ्रॉकमधून हात घालून पाठ चाचपते. ती पाच वर्षांची आहे. तिचं मराठी आमच्या घरात जन्मलं पण बंगालीच्या अंगणात वाढलं. “घाम होतोय गं मला, बघ ना,” ती वैतागून म्हणते. घाम होत नाही, येतो, हे मी तिला सांगत नाही. तिची पाठ ओली असते, तेवढं मला पुरतं.

माझा नवरा सॉल्ट लेकला एका कंपनीत असतो. दिवसभर थंडगार काचेच्या आत. त्याला माझी ही सवय विचित्र वाटते, पण त्यानं कधी फार खोदून विचारलं नाही. मीही सांगितलं नव्हतं. या वर्षीपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी सोलापूरची. उन्हाचं मला काय कौतुक? आमच्याकडे एप्रिलमध्ये दोरीवर टाकलेलं धुणं शेवटचं पातळ पसरेपर्यंत पहिलं वाळून कडक झालेलं असायचं. वडील बस डेपोत मेकॅनिक होते. दुपारी जेवायला घरी येत तेव्हा त्यांचा शर्ट खडखडीत कोरडा असे आणि पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या. आई तो शर्ट बादलीत टाकताना म्हणायची, “मीठ विकत आणायला नको, तुमच्या शर्टातनंच काढते.” आम्ही हसायचो. कोरडा शर्ट म्हणजे ऊन पचवलेला, कामाचा माणूस, असं काहीतरी तेव्हापासून माझ्या मनात बसलं असावं. लहानपणी डोळ्यांनी जे शिकलेलं असतं, ते पुढे तपासून पाहावं असं आपल्याला सुचतसुद्धा नाही.

कोलकात्याचा उन्हाळा वेगळ्या जातीचा. इथे हवेतच इतकं पाणी असतं की घामाला जायला जागा नसते. तो अंगावरच राहतो, कोपरावरून ठिबकतो, डोळ्यांत जातो. गमछा पिळला की धार लागते. दुपारी गल्ल्या ओस पडतात, कुत्री पानाच्या ठेल्याखाली शिरून जीभ काढून पडतात. फेरीवाले पानांत गुंडाळलेले ताडगोळे विकतात. भाजलेल्या कैरीचं सरबत मिळतं, आपल्या पन्ह्याला जरासा धुराचा वास लागावा तसं. आणि सगळं शहर आभाळाच्या वायव्येच्या कोपऱ्याकडे डोळे लावून बसतं, की तिकडून संध्याकाळचं वादळ उठेल, झाडं पाडेल, पत्रे उडवील, पण घटकाभर गारवा देईल. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी ते वादळ आलंच नाही. रोज चार वाजता लोक गच्चीवर जाऊन बघत आणि खाली येत.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. माझ्या नोकरीतला तो पहिलाच उन्हाळा. रेल्वेत इंजिनिअर म्हणून लागले होते, आणि नदीपलीकडच्या लाइनचा एक तुकडा माझ्याकडे होता. तुकडा म्हणजे रूळ, त्याखालचे स्लीपर, त्यांना धरून ठेवणारी खडी, आणि हे सगळं सांभाळणारी सोळा माणसांची गँग. पंचविशीतली मुलगी, त्यातून परमुलखातली. गँगमधली माणसं मला ‘म्याडाम’ म्हणत आणि माझं बंगाली ऐकून गमछ्यात तोंड लपवून हसत.

न हसणारा एकच होता. निबारणदा.

निबारणदा चावीवाला होते. म्हणजे रोज सकाळी लांब दांड्याचा हातोडा खांद्यावर टाकून आपल्या वाट्याची लाइन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी चालायची, रूळ पकडून ठेवणाऱ्या क्लिपा बघायच्या, ढिली दिसेल ती ठोकायची. पन्नाशीला आलेले, सडसडीत, बुटके, कानावर विडी. पंचवीस वर्षं त्याच रुळांवर चाललेले. मी चुकीचं बंगाली बोलले की ते माझंच वाक्य शांतपणे पुन्हा बरोबर म्हणून दाखवत आणि मग त्याचं उत्तर देत. त्यांच्या डब्यात रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात असे, वर कांदा आणि एक हिरवी मिरची. “खा म्याडाम, पोटात पंखा लावल्यासारखं वाटतं,” असं म्हणून त्यांनी मला पहिल्यांदा तो भात खायला दिला होता. खरंच तसं वाटलं होतं.

रूळ बघायला मला त्यांनीच शिकवलं. शिक्षण सगळं झालं होतं माझं, पदवी होती, पण रूळ कुठे किती बाहेर सरकलाय हे नुसत्या नजरेनं ओळखणं पुस्तकात नव्हतं. “उभ्यानं बघितलं की सगळेच सरळ दिसतात,” ते म्हणाले. “खाली बसा. गाल रुळापाशी न्या. एक डोळा मिटा.” मी खाली बसले. आणि दोन रेघांसारखे सरळ दिसणारे रूळ एकदम जिवंत झाले; इथे जरासे फुगलेले, तिथे जरासे दबलेले. “दिसलं?” त्यांनी विचारलं. “दिसलं,” मी म्हटलं. त्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता.

उन्हाळ्यात रुळाचं काय होतं हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना पटत नाही. लोखंड तापलं की लांब व्हायला बघतं. हल्लीचे रूळ मैलोन्‌मैल एकसंध जोडलेले, त्यांना लांब व्हायला जागा कुठे? ताण आतल्या आत साठत जातो. स्लीपर, क्लिपा, खडी सगळे मिळून त्याला दाबून धरतात. आणि एखाद्या दुपारी, जिथे पकड कमी पडली तिथे, रूळ एकदम कुशीला वळतो. आडवा फेकला जातो. त्याच्यावरून गाडी गेली तर गाडी पडते. म्हणून ऐन उन्हाच्या तासांत कुणीतरी लाल झेंडी आणि रुळावर ठेवायचे, चाकाखाली फुटून ड्रायव्हरला इशारा देणारे फटाके घेऊन लाइनवर फिरत राहायचं असतं. सगळं जग सावलीत शिरतं तेव्हा या माणसांची उन्हातली पाळी सुरू होते.

त्या आठवड्यात इथल्या मराठी बायकांचं चैत्राचं हळदीकुंकू होतं. इथे कुणाचा नवरा बँकेत, कुणाचा फोर्ट विल्यममध्ये सैन्यात, सगळ्या बदलीच्या घरांतल्या. आंब्याची डाळ, पन्हं, कलिंगडाच्या फोडी. एका मावशींनी माझ्या रापलेल्या हातांकडे बघून विचारलं, “अगं, एवढ्या उन्हात रुळांवर कशी उभी राहतेस तू?” मी ऐटीत म्हटलं, “मावशी, मी सोलापूरची. हे काय ऊन आहे?” बायका हसल्या. मीही. नंतर किती वेळा मला ते हसणं ऐकू आलं आहे.

त्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी दीडच्या सुमारास, माझा फोन वाजला. निबारणदांचा आवाज धापा टाकत होता. “म्याडाम, लाइन फेकली गेलीय. गाडी थांबवलीय मी.”

त्या दुपारी उन्हातली पाळी त्यांची होती, आणि ती जागा त्यांना लांबूनच दिसली होती. समोरून पॅसेंजर यायची वेळ झालेली. त्यांनी तिथे झेंडी रोवली, फटाके हातात घेतले आणि गाडीच्या दिशेनं रुळाकडेच्या खडीवरून धावत सुटले. त्या उन्हात, पन्नाशीच्या वयात, एक किलोमीटरभर. फटाके रुळावर लावले आणि लाल झेंडी फिरवत उभे राहिले. फटाक्यांचा बार झाला, ड्रायव्हरनं ब्रेक दाबले, आणि वळलेल्या रुळाच्या जरा अलीकडे गाडी उभी राहिली.

मी गँग घेऊन पोचले तेव्हा निबारणदा एका सिग्नलच्या खांबाच्या हातभर सावलीत बसले होते. मी म्हटलं, “दादा, तुम्ही आज किती माणसं वाचवलीत, माहीत आहे?” ते हसले. पाणी प्यायले. “तुम्ही बसा,” असंही मी म्हटलं. हे मी म्हटलं होतं, हे मला आठवतं आणि ते आठवून मला थोडा आधार घ्यावासा वाटतो. पण आधार पुरत नाही, कारण पुढे पाऊण तासानं मीच त्यांना उठवलं.

काम असं होतं. ताण भरलेला रूळ कापून मोकळा करायचा, मग सगळ्यांनी पहारी लावून रूळ ओढून जागेवर आणायचे, सांध्यावर पट्ट्या आवळायच्या, आणि गाडी पायी चालल्यासारखी हळूहळू वरून न्यायची. रूळ ओढताना एकानं दूर खाली बसून नजरेनं रेषा धरायची असते आणि हातानं खूण करायची असते: अजून, अजून, बस. ते काम मुकादमाचं. आमचा मुकादम त्या आठवड्यात रजेवर होता. मी स्वतः बसून पाहिलं, दोनदा चुकले. माणसं ओढून ओढून थकत होती. मागे गाडी उभी होती, खचाखच भरलेली, पंखे बंद पडलेले. दारांतून लोक ओरडत होते. एका बाईनं खिडकीतून तान्हं मूल बाहेर धरलं होतं, जराशी हवा लागावी म्हणून. माझा फोन थांबत नव्हता. किती वेळ? अजून किती वेळ?

मी खांबाकडे वळून हाक मारली, “निबारणदा, या जरा. नजर धरा.”

ते आले. गुडघ्यांवर बसले. गाल रुळापाशी नेला, एक डोळा मिटला आणि हात वर केला. पहिल्याच ओढीला रूळ हातभर आत आला. तीस पावलांवर गँग ‘हेइयो’ करत होती, मी निबारणदांच्या शेजारी उभी होते. खडीतून वाफा निघाव्यात तशी हवा थरथरत होती. माझा कुडता पिळून काढावा इतका ओला होता. निबारणदांचा खाकी शर्ट कोरडा होता. पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा होत्या. मी त्या पाहिल्या. मला वडिलांचा शर्ट आठवला. खोटं कशाला सांगू, मला क्षणभर आपलेपणा वाटला.

त्यांनी मान न वळवता, हात तसाच वर ठेवून, हलक्या आवाजात म्हटलं, “म्याडाम, माथाटा कॅमोन कोरछे.” डोकं कसंतरी होतंय.

मी म्हटलं, “दहा मिनिटं, दादा. गाडी जाऊ दे.”

त्यांनी पुन्हा एक डोळा मिटून नजर रुळावर लावली. दहा मिनिटांचं अर्ध्या तासावर गेलं. सांधा आवळला गेला. गाडी आली, रांगत, कुरकुरत. खिडक्यांतून लोक खाली बघत होते, कुणी हात जोडले, कुणी शिव्या दिल्या. निबारणदा हिरवी झेंडी धरून उभे होते. शेवटचा डबा गेला आणि ते माझ्याकडे बघून म्हणाले, “धान आत घे, मिनती, आभाळ आलंय.” आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. मिनती त्यांच्या बायकोचं नाव. मग ते बसले, आणि बसल्या बसल्या आडवे झाले. मी त्यांच्या कपाळाला हात लावला आणि हात मागे घेतला, इतकं ते तापलेलं होतं.

आम्ही त्यांना झाडाखाली नेलं, होतं नव्हतं ते पाणी त्यांच्यावर ओतलं, गमछ्यांनी वारा घातला. अँब्युलन्स आली. दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं, “घाम यायचा कधी थांबला?” तेव्हा मला कळलं की मी काय पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी निबारणदा गेले.

चौकशी झाली. ती व्हायचीच असते. एका खोलीत दोन अधिकारी, समोर मी. सगळे नीट, सौम्यपणे बोलत होते. पाणी होतं का? होतं. विश्रांती दिली होती का? दिली होती. मग प्रश्न आला: कर्मचाऱ्यानं प्रकृतीबद्दल काही सांगितलं होतं का?

मी म्हटलं, “नाही.”

निबारणदा ते बोलले तेव्हा आमच्या दोघांशिवाय तिथे कुणी नव्हतं. गँग लांब होती, आवाजात होती. ऐकणारी मी एकटी, आणि बोलणारा गेलेला. ‘नाही’ लिहिलं गेलं, खाली मी सही केली. निबारणदांना गाडी वाचवल्याबद्दल मरणोत्तर प्रशस्तिपत्र मिळालं. त्यांच्या बायकोला त्यांच्या जागी नोकरी मिळाली, त्याच गँगमध्ये. मी वर्षभरातच बदली मागून गार्डन रीचला ऑफिसात आले. टेबल, खुर्ची, डोक्यावर पंखा. सहकारी म्हणाले, बरं झालं, लग्नही होतंय तुझं. मीही तसंच म्हणत राहिले.

माणूस स्वतःचा फार चांगला वकील असतो. मी स्वतःला सांगायची, खरं सांगून ते परत आले असते का? मिनतीदींना नोकरी मिळालीच ना? माझ्या त्या एका शब्दानं कुणाचं काय वाईट झालं? सात वर्षं मला वाटत होतं की त्या खोटेपणाची झळ फक्त मला लागते. पाठी बघत फिरणं, मुलीचा फ्रॉक चाचपणं, एवढीच त्याची शिक्षा, आणि ती मी निमूट भोगते आहे. त्यात थोडा स्वतःचा कळवळासुद्धा होता, हे आता दिसतं.

या वर्षी चैत्र संपताना साहेबांनी मला बोलावून सांगितलं की गँगना उन्हाळ्याच्या सूचना समजावून सांगायला लाइनवर जायचंय. यादीत माझी जुनी गँग होती. नाही म्हणायला कारण नव्हतं. सकाळी फेरीबोटीनं नदी ओलांडली, पुढे बसनं गेले. लाइनकडेला अवजारांची तीच विटांची खोली, बाहेर तोच कडुनिंब. गँगमध्ये बरेच नवे चेहरे. आणि मागच्या रांगेत, साडीवर नारिंगी जाकीट चढवलेली, हातोडा मांडीशी टेकवून बसलेली, मिनतीदी. सात वर्षांपूर्वी दवाखान्याच्या व्हरांड्यात पाहिली होती ती बारीक बाई आता रुंद खांद्यांची झाली होती.

मी ठरलेल्या गोष्टी सांगत गेले. पाणी कधी प्यायचं, मीठसाखर कशी घालायची, कुठल्या तासांत काम थांबवायचं. घाम थांबला तर तो धोका आहे, हे दोनदा सांगितलं. शेवटी म्हटलं, “आणि जरासा त्रास झाला तरी लगेच सांगा. लपवू नका.”

मिनतीदी उठून उभ्या राहिल्या. नव्या पोरांकडे वळून म्हणाल्या, “ऐका म्याडामचं. आमच्या घरातल्या माणसानं सांगितलं नाही. तोंडातून शब्द काढला नाही. बायकोचा, म्हाताऱ्या आईचा विचार केला नाही. एकदा बोलला असता तर आज असता. तसा अडाणीपणा करू नका.”

त्या रागानं बोलल्या. शिळा न झालेला, रोजच्या वापरातला राग होता तो. कडुनिंबाखाली सगळे माना खाली घालून बसले होते. मला पुढचा कागद वाचता येईना.

गँग अवजारं घ्यायला उठली तेव्हा मी मिनतीदींना खोलीत बोलावलं. उभ्याउभ्याच सांगितलं. सुरुवात कशी केली ते आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, “मिनतीदी, ते बोलले होते. मला सांगितलं होतं. मी चौकशीत खोटं बोलले.”

त्यांनी विचारलं, “बोलला होता?”

“हो.”

“काय म्हणाला?”

मी निबारणदांचे शब्द सांगितले. जसेच्या तसे, बंगालीत.

“आणि तुम्ही?”

“दहा मिनिटं थांबा म्हटलं. गाडी जाऊ दे म्हटलं.”

त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल, त्या मला मारतील, अशी मी तयारी ठेवली होती. त्यांनी हातोडा उचलला, परत ठेवला. “सात वर्षं मी त्याला शिव्या देतेय,” त्या म्हणाल्या. “त्याच्या फोटोला. रोज हार घालताना. मुक्या, असं म्हणते मी त्याला.” मग गमछा डोक्याला बांधला, हातोडा खांद्यावर घेतला आणि लाइनवर निघून गेल्या. मागे वळल्या नाहीत.

मी ज्याला निरुपद्रवी समजत होते त्या शब्दानं एका घरातल्या मेलेल्या माणसाला सात वर्षं गुन्हेगार करून ठेवलं होतं. खोटं कुठे जाऊन राहतं हे बोलणाऱ्याला कळत नाही.

त्या संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “लेखी देणार असशील तर मी बरोबर येतो.” दुसऱ्या दिवशी मी लेखी दिलं: माझं तेव्हाचं विधान खोटं होतं, खरं असं आहे. कागद घेणाऱ्यानं तो दोनदा वाचला आणि मला खुर्ची दिली. त्याचं काय व्हायचं ते होईल, नोटीस आली आहे, उत्तर द्यायचंय. त्याची मला आता फारशी भीती वाटत नाही.

भीती वाटली ती चार दिवसांनी आलेल्या फोनची. मिनतीदी म्हणाल्या, “रविवारी घरी या. त्याच्या आईला सांगा. मी नाही सांगणार. तुमच्या तोंडून ऐकू दे तिला.” आणि ठेवून दिला.

रविवारी सकाळी नऊलाच ऊन चढलं होतं. स्टेशनमागच्या गल्लीत, एका हिरव्या पुकुराच्या, म्हणजे तळ्याच्या, काठाला, दोन खोल्यांचं घर. ओसरीवर निबारणदांची आई बसली होती, पांढऱ्या साडीत मूठभर झालेली, हातात ताडाच्या पानाचा पंखा. मिनतीदी दारात उभ्या होत्या. “तिला ऐकू कमी येतं,” त्या म्हणाल्या. “मोठ्यानं सांगा.”

मी म्हातारीच्या पायांशी बसले आणि सांगितलं. त्यांनी कानामागे हात नेला. “काय म्हणतेस, मा?”

मी आवाज चढवला. त्यांनी मान हलवली, नाही ऐकू आलं. मग मी ओरडले. माझ्या मोडक्यातोडक्या बंगालीत, शेजारच्या अंगणातलं जात्यासारखं घरघरणारं शिलाईमशीन थांबेपर्यंत ओरडले. “तुमचा मुलगा बोलला होता! डोकं कसंतरी होतंय म्हणाला होता! मला म्हणाला होता! मी ऐकलं नाही! मी त्याला कामाला लावलं! आणि मी साहेबांना खोटं सांगितलं!” पुकुराच्या घाटावर भांडी घासणाऱ्या बायका हात थांबवून वळल्या. गल्लीतली दारं उघडली. जे वाक्य मी सात वर्षं मनातल्या मनातसुद्धा पुरतं म्हटलं नव्हतं ते मला तीन वेळा, घसा फाटेपर्यंत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणावं लागलं.

तिसऱ्यांदा म्हातारीला ऐकू गेलं. पंखा थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. सुनेकडे पाहिलं.

“मी तुला सांगत नव्हते?” त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण प्रत्येक शब्द सुटा. “लहानपणी ताप आला की पळत माझ्याकडे यायचा. मा, हात लावून बघ, म्हणायचा. काटा रुतला तरी सांगायचा. तो सांगितल्याशिवाय राहणारा नव्हता. मी तुला किती वेळा सांगितलं. तू म्हणायचीस, म्हातारे, तुला काय कळतंय, कागदावर लिहिलंय.”

मिनतीदी दाराची चौकट धरून उभ्या होत्या. मग सावकाश खाली आल्या, सासूशेजारी ओसरीवर बसल्या.

“हो मा,” त्या म्हणाल्या. “सांगत होतात तुम्ही.”

“मग?”

“मग काय. मी कागदाचं ऐकलं.”

म्हातारी रडायला लागली. तोंड उघडं, आवाज नाही. मिनतीदींनी त्यांच्या हातातून पंखा काढून घेतला आणि त्यांना वारा घालू लागल्या. एका हातानं सासूचं डोकं आपल्या खांद्याशी धरलं होतं. दोघींच्या मध्ये जागा उरली नव्हती. घाटावरच्या बायका पुन्हा भांड्यांना लागल्या, पण आवाज न करता.

मी उठून अंगणात उभी राहिले. ऊन थेट डोक्यावर येत होतं. मला कुणी बस म्हणालं नाही, आणि जा असंही कुणी म्हणालं नाही.